काळजातली पाहुणी

ताई लाजली असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. ऐन विशीत एका होऊ घातलेल्या नवऱ्यानं तशी तक्रारही केली होती. "तू जरासुद्धा लाजत नाहीस," तो म्हणाला होता. ताई म्हणाली, "लाजण्यासारखं तू अजून बोललास कुठं काही?" ते लग्न तिथंच बारगळलं आणि पुन्हा त्या भानगडीत ताई पडली नाही. धाकट्या बहिणीला हाताशी घेऊन तिनं पडदे शिवायचं दुकान काढलं. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे अरुंद जिना. त्या जिन्यावर चढउतार करता करता दोघींचे केस पांढरे झाले. धाकटीला सगळे बारकी म्हणत. लहानपणी ती काडीसारखी होती म्हणून नाव पडलं. आता जिना चढताना तिला जरा तिरकं व्हावं लागे, पण नाव काही बदललं नाही.

कापायचं काम ताईचं, टीप मारायचं बारकीचं. एका दुपारी ताई लांब टेबलावर मखमल अंथरून कापत होती. दुकानात तिसरं माणूस नव्हतं. दोरा संपला म्हणून बारकीनं मशीन थांबवलं, मान वर केली, तर ताईचा चेहरा लाल झाला होता. उन्हानं होतो तसा नव्हे. लाली मानेपासून निघाली, कानाच्या पाळ्यांवरून गालांवर आली, मग कपाळावर चढली. कुणीतरी कानाला लागून नको ते बोलावं आणि बाई शरमून जावी, अगदी तशी. ताईनं कात्री खाली ठेवली आणि मागं वळून पाहिलं. मागं कापडाचे तागे उभे होते.

"काय ग?" बारकी म्हणाली.

"तू काही बोललीस?"

"मी? मी सुई ओवतेय."

"मग कुणीतरी बोललं," ताई म्हणाली आणि पुन्हा कात्री उचलली.

बारकीला आधी गंमतच वाटली. समोर पडद्यांच्या दांड्या आणि कड्या विकणारा एक विधुर होता. तो हल्ली उगाचच टेप मागायला यायचा. बारकीनं मनाशी म्हटलं, म्हातारपणी का होईना, ताईला कुणी भेटलं. पण मग तिच्या लक्षात आलं, दांडीवाला दुकानात असताना ताईचा चेहरा पांढराफटक असायचा, आणि कुणी नसताना लाल व्हायचा. जेवताना व्हायचा. जिना चढताना व्हायचा. कधी नुसतीच खिडकीशी उभी असली तरी व्हायचा. रंगांवर पोट असलेल्या बारकीनं त्याचे रंगही ओळखायला सुरुवात केली. सुरुवातीला गाजरी, मग डाळिंबी, आणि फार चढला तर वांग्याच्या सालीसारखा, जांभळट. गिऱ्हाइकं कौतुक करायची. "ताई, काय टवटवीत दिसताय हो! काय खाता, आम्हालाही सांगा." ताई हसायची, आणि गिऱ्हाईक वळलं की पोट धरून मागच्या न्हाणीघराकडे धावायची. पोट तिचं रोजच बिघडलेलं असे. अंगावरचं मांस झडत होतं आणि गाल मात्र लग्नातल्या नवरीसारखे. नेहमीच्या डॉक्टरनं वयावर बोट ठेवलं. "या वयात बायकांना असे उमाळे येतात," तो म्हणाला. ताईला ते पटलं नाही, पण डॉक्टरांशी वाद घालायला तिला वेळ कुठं होता?

बारकी खरी घाबरली ती आरशापाशी. रविवार होता, दुकान बंद. ताई आरशासमोर बसून केस विंचरत होती. विंचरून झालं, हात खाली आले, ती स्वस्थ बसली. आणि तिच्या कानातले खडे हलत राहिले. टिक्, टिक्, टिक्. खोलीत वारा नव्हता, पडदा जागचा हलत नव्हता, ताई श्वाससुद्धा जपून घेत होती, आणि दोन्ही कानांतले खडे आपापले डुलत होते, कुणीतरी मागून बोटानं हलवावेत तसे. मानेवरची शीर दोरीसारखी फुगली होती, तीही उडत होती.

"ताई, मान हलवू नकोस."

"मी हलवतच नाहीये," ताई आरशातल्या बारकीकडे बघून म्हणाली. "कधीची बघतेय मी. ये इकडं, हात दे."

तिनं बारकीचा हात धरला आणि आपल्या उजव्या बरगडीखाली ठेवला. बारकीचा तळवा वर उचलला गेला. खाली बसला. पुन्हा उचलला गेला. कातडीच्या आत मोठं, कोमट, जड असं काहीतरी धडधडत होतं, आणि ते छातीत नव्हतं, पोटात होतं.

"आहे ना?" ताईनं हळूच विचारलं. "आत कुणीतरी आहे."

दुसऱ्याच दिवशी बारकीनं दुकानाला कुलूप घातलं आणि ताईला मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्यांचं चक्र सुरू झालं. रक्त, लघवी, फोटो, पुन्हा फोटो. शेवटी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. तरुण होत्या, पण बोलणं पोक्त.

"गाठ लहान आतड्यात आहे, वाटाण्याएवढी," त्या म्हणाल्या. "तिथून ती यकृतात पसरलीय, बऱ्याच ठिकाणी. कॅन्सरच म्हणायचा, पण सावकाश वाढणारा. या गाठी रक्तात एक रस सोडतात. त्यानंच चेहरा लाल होतो, त्यानंच पोट बिघडतं. आणि तोच रस यकृतातून सरळ हृदयाच्या उजव्या बाजूला जातो. तिथल्या दोन झडपांवर त्याची पुटं चढलीत, मेण ओतल्यासारखी. झडप धड उघडत नाही, धड मिटत नाही. अर्धवट उघडी राहून गोठलीय. त्यामुळे रक्त पुढं जायच्या ऐवजी मागं उसळतं, मानेत, यकृतात. तुमच्या हाताला जे लागतं ना, ते तेच. यकृत धडधडतंय."

"यकृत म्हणजे काळीजच ना?" ताईनं विचारलं.

"हो, काळीजच."

"मग काळीज धडधडणारच की. त्यात नवल काय?"

बारकीला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. दोन्ही झडपा बदलाव्या लागतील, नाहीतर हृदय फार दिवस दम धरणार नाही, असं त्यांनी सांगितलं. नव्या झडपा जनावराच्या हृदयावरच्या पडद्यातून शिवलेल्या असतात.

"म्हणजे पडदेच शिवायचे," ताई म्हणाली. "आणि ती गाठ?"

"ती राहणार. तिच्यासाठी दर महिन्याला इंजेक्शन."

"घराला वाळवी लागलेली असताना खिडक्यांना नवे पडदे कशाला, बाई?"

"वाळवी सावकाश खातेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छप्पर आधी कोसळेल."

घरी आल्यावर ताई जिना चढताना मधेच बसली, धाप ओसरू दिली आणि म्हणाली, "रस-बिस ठीक आहे. डॉक्टरांना काहीतरी सांगावंच लागतं. पण मला विचारशील तर ती पाहुणी आहे."

त्या दिवसापासून घरात तिसरं माणूस आलं. ताई तिला पाहुणीच म्हणायची. "आज पाहुणीला वरण सोसलं नाही." "पाहुणी आज गप्प आहे." बारकीनं आधी चेष्टेवारी नेलं. "मग दे की तिला एखादी टीप मारायला, आयती बसून खातेय." पण चेष्टा फार दिवस टिकली नाही. एकदा मागच्या खोलीत अस्तराचं कापड आणायला गेली असताना तिनं ताईचं बोलणं ऐकलं. दार लोटलेलं होतं.

"माणसांदेखत कशाला येतेस?" ताई म्हणत होती. आवाज शेजारणीशी बोलावा तसा, साधा. "मला गिऱ्हाइकासमोर शरम वाटते." मग ती थांबली. कुणाचं तरी ऐकून घ्यावं तेवढा वेळ थांबली. "बरं," ती म्हणाली. "पण तिचं नाव काढायचं नाही."

बारकी अस्तर न घेताच परत फिरली. त्या घरात ताईनं 'तिचं' म्हणावं असं दुसरं होतं कोण?

आरशापुढच्या त्या रविवारपासून रोज संध्याकाळी बारकी ताईच्या बरगडीखाली हात ठेवायची. जणू तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात, तसा. ताईलाही बरं वाटे. एका संध्याकाळी ती धडधड एकाएकी बदलली. हात ठेवताच तिनं वेग घेतला. झोपलेलं जनावर ओळखीच्या वासानं जागं व्हावं, तसं ते आत सरकलं, वर आलं, आणि थेट बारकीच्या तळव्याखाली, मधोमध येऊन उड्या मारू लागलं. निदान बारकीला तसं वाटलं. तिनं ताईकडं पाहिलं. ताईचा चेहरा वांगी झाला होता आणि डोळे विस्फारले होते.

"हात काढ!" ताई ओरडली. "काढ आधी!"

तिनं बारकीचा हात असा झटकला की तो पलंगाच्या कडेवर आपटला. त्यानंतर तिनं बारकीला अंगाला हात लावू दिला नाही. पाय सुजून खांबासारखे झाले, पोटात पाणी भरलं, स्वतःच्या चपला दिसेनात, पण पाठ चोळायला आलेल्या बारकीला ती म्हणायची, "लांबून बोल." ताट हातात घ्यायची नाही, टेबलावर ठेवायला लावायची.

आणि ऑपरेशन? ऑपरेशनला ती चक्क नाही म्हणाली.

बारकीनं समजावलं, रागावून पाहिलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. ताई एकच म्हणायची, "तिला हुसकावून लावायचं नाही. आहे तिथं बरी आहे."

"अग, ती तुला खातेय!"

"मला खातेय ना? खाऊ दे."

अशात पावलं उचलेनाशी झाली. ताई वरच अडकली. खाली दुकानात बारकी एकटी, वर ताई एकटी, म्हणजे तिच्या लेखी एकटी नव्हेच. एका सकाळी बारकी चहा घेऊन वर गेली तर ताई खुर्चीत ताठ बसली होती. चेहऱ्यावरची लाली नुकतीच उतरली असावी, कानांच्या पाळ्या अजून तांबड्या होत्या.

"विचारलं मी तिला," ताई म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना कळव, मी तयार आहे."

बारकीनं कप टेबलावर ठेवला. "काय विचारलंस?"

"ते माझं मी बघीन. पण एक अट आहे. ऑपरेशनच्या दिवशी तू दवाखान्यात यायचं नाहीस. दारातसुद्धा नाही. दुकान उघडं ठेवायचं आणि मशीनवर बसायचं. शब्द दे."

"असं कुठं असतं का ताई? सख्खी बहीण मी, दुसरं आहे कोण तुला?"

"म्हणूनच. शब्द दे."

बारकीनं शब्द दिला, आणि देतानाच ठरवलं की तो पाळायचा नाही.

ताईला दवाखान्यात आधीच भरती केलं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई येऊन बसल्या. चष्मा, आवाज मऊ, हात थंड. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. "भूल देताना, किंवा शरीराला हात लागल्यावर, या गाठी घाबरल्यासारख्या होतात आणि सगळा रस एकदम सोडतात. रक्तदाब कोसळतो. त्यासाठी आम्ही आधीपासूनच शिरेतून औषध सुरू ठेवणार आहोत. आत ते संपूर्ण वेळ चालूच राहील."

"म्हणजे तिला झोपवून ठेवणार?" ताईनं विचारलं.

"गाठीला? हो, तसंच म्हणा."

"आणि जागी झाली तर?"

"तर आणखी औषध देऊ."

ताईनं मान हलवली. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी बारकीनं दुकान उघडलं, मशीनवर बसली, पडद्याची एक उलटी टीप मारली, ती उसवली, आणि कुलूप लावून निघाली. ऑपरेशनच्या मजल्यावर लांब बोळ होता. भिंतीला लागून खुर्च्या, समोर काचेच्या कपाटात आगीचा पाइप. खुर्च्यांवर थोडी माणसं, सगळी आपापल्या दाराकडं बघत बसलेली. बारकी एका लोकर विणणाऱ्या म्हातारीशेजारी टेकली. म्हातारीचा नवरा आत होता. विणायच्या सुया तेवढ्या वाजत होत्या.

बराच वेळ गेला. बारकीला डुलकी लागणार इतक्यात तिच्या उजव्या बरगडीखाली काहीतरी टेकलं.

दमून आलेलं माणूस कुणाच्याही खुर्चीत क्षणभर टेकतं ना, तसं. दुखलं नाही. नुसतं वजन. मग ते वजन धडधडलं. एकदा, दोनदा, सावकाश, जागा कशी आहे ते पाहावं तसं. बारकीनं तिथं हात दाबला. हात वर उचलला गेला. मानेतून एक ऊब वर निघाली, कानांवर आली, गालांवर पसरली. तिला ती वाट पाठ होती. फक्त ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलेली होती.

म्हातारीच्या सुया थांबल्या. "बाई, बरं वाटत नाही का? चेहरा बघा तुमचा."

बारकीनं समोर पाहिलं. कपाटाच्या काचेत तिचा चेहरा होता, आणि तो डाळिंबी होता.

"जा," ती तोंडातल्या तोंडात म्हणाली. कुणाला म्हणतेय हे तिचं तिलाच धड कळलं नाही. "जा, आपल्या जागी जा. मी तुला नाही ठेवून घेणार." आणि लगेच तिला भयंकर वाटलं, कारण तिची जागा म्हणजे ताई होती. मग ती म्हणाली, "नाहीतर राहा. राहायचंच असेल तर राहा. पण तिला सोड."

दार उघडलं. भूल देणाऱ्या बाई बाहेर आल्या, टोपी घातलेल्या, मास्क गळ्यात.

"आत दुसरे डॉक्टर आहेत, मी दोन मिनिटं सांगायला आले. मघाशी जरा कठीण झालं होतं. अंगभर लाली चढली, अगदी पायांच्या तळव्यांपर्यंत, आणि रक्तदाब खाली गेला. औषध वाढवलं. आता सगळं आटोक्यात आहे. झडपा बसवताहेत." मग त्या थांबल्या आणि बारकीकडं निरखून पाहू लागल्या. "तुम्हाला ताप आहे का?"

"नाही. उकडतंय," बारकी म्हणाली. त्या बोळात इतकी थंडी होती की शेजारची म्हातारी शाल पांघरून बसली होती.

बरगडीखालचं वजन गेलं होतं. केव्हा गेलं ते तिला समजलं नव्हतं.

सर्जननं नंतर काढलेल्या झडपांविषयी सांगितलं. पातळ, मऊ असायला हव्यात त्या पाकळ्या शंखासारख्या पांढऱ्या आणि टणक झाल्या होत्या, बोलता बोलता उघडं राहिलेल्या तोंडासारख्या. नव्या छान हलत होत्या.

ताई शुद्धीवर आली, नळ्या निघाल्या, आवाज फुटला. बारकीला आत सोडलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "कुठं होतीस?"

"दुकानात," बारकी म्हणाली. "मशीनवर."

ताईनं तिच्या गालांकडं पाहिलं. मग तिनं स्वतःच्या बरगडीखाली हात नेला, चाचपलं. "गेली," ती म्हणाली. "काहीच नाही ग. शांत आहे." यात आनंद व्हायला हवा होता. पण ताईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि ते आनंदाचं नव्हतं.

घरी आल्यावर ताई झपाट्यानं सुधारली. पायांची सूज उतरली, पोट सपाट झालं, कानातले खडे जागच्या जागी राहू लागले. छातीवरची टाक्यांची रेघ आरशात पाहून ती म्हणाली, "टीप सरळ आहे, पण खालची गाठ जाड ठेवलीय. तो सर्जन माझ्या हाताखाली असता तर उसवायला लावली असती." महिन्याचं इंजेक्शन चालू होतं. चेहऱ्याला लाली म्हणून नव्हती. आणि तरी घरात काहीतरी बिघडलं होतं, कारण ताई बारकीवर नजर ठेवून होती.

बारकी जेवताना ताई जेवण सोडून तिच्या गालांकडं बघायची. बारकी जिना चढून आली की तिला उजेडात उभी करायची. "हो इकडं खिडकीशी." मशीनवर वाकलेली असताना मागून येऊन मानेला हात लावायची. एकदा दुपारी बारकी पडली होती. तिला जाग आली तर ताई पलंगाशी गुडघे टेकून बसली होती, आणि तिचा तळवा बारकीच्या उजव्या बरगडीखाली होता. डोळे मिटलेले, मान तिरपी, दाराला कान लावून ऐकावं तशी.

"काय करतेस?"

"काही नाही. झोप."

बारकी झोपली नाही. पुढच्याच आठवड्यात ताईला कापडाच्या बाजारात जाते असं सांगून ती डॉक्टरीणबाईंकडं गेली आणि स्वतःच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. त्यात काही निघालं नाही. तुम्ही ठणठणीत आहात, काळजीनं असे भास होतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बारकीनं मान डोलावली. बोळातल्या म्हातारीलाही भास झाला होता का, हे तिनं विचारलं नाही. ताईला तर यातलं काहीच सांगता येत नव्हतं. दिलेला शब्द मोडला हेच आधी सांगावं लागलं असतं.

मग तो दिवस आला. एका जुन्या नाट्यगृहाचा व्यवस्थापक रंगमंचाचा पडदा शिवायला टाकायला आला होता. भला मोठा पडदा, गर्द मखमल, खाली झालर. माणूस बोलका. ताई टेबलाशी उभी राहून त्याला चुण्या कशा पडतील ते दाखवत होती, बारकी टेपचं दुसरं टोक धरून. बोलता बोलता ताई थांबली. तिचा हात मानेकडं गेला. आणि बारकीनं पाहिलं, लाली निघाली होती. मानेवरून कानांवर, कानांवरून गालांवर, चांगली गडद डाळिंबी.

ताईनं भिंतीवरच्या आरशात पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा कोराच राहिला. मग ती हसू लागली. मोठ्यानं, टेबलाला धरून, टाके ओढले जाताहेत म्हणून छातीवर हात दाबून, तरीही हसतच.

"इथंच आहे ग!" ती ओरडली. "बारके, इथंच आहे मेली! कुठं गेली नाही!"

व्यवस्थापक दोन पावलं मागं सरला. आपला कॅन्सर अजून जागेवर आहे म्हणून नाचणारं माणूस जगात तेवढं एकच असेल, पण ते त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

"ताई, बस खाली," बारकी म्हणाली.

"मला वाटलं, तुझ्याकडं आली," ताई खुर्चीत बसत म्हणाली. आता ती हसत होती की रडत होती ते सांगता आलं नसतं. "रोज संध्याकाळी तू हात ठेवायचीस, आणि ती तुझ्या हाताशी यायची. ओळख काढायची. मला म्हणाली होती एकदा, ही बरी आहे, हिच्यात जागा आहे. म्हणून मी ऑपरेशनला नाही म्हणत होते. पाहुणीला काढलं तर ती जाणार कुठं? जवळ असेल त्याच्याकडं. मग मी तिला विचारलं, माझी बहीण दारात नसली तर तू तिला सोडशील ना? तेव्हा हो म्हणाली. आणि तू, दीडशहाणे, बोळात येऊन बसलीस!"

बारकीच्या हातातून टेप सुटली आणि सर्रकन गुंडाळली गेली. "तुला कुणी सांगितलं?"

"भूलवाल्या बाईंनी. दुसऱ्याच दिवशी. तुमच्या बहिणीला बघा, म्हणाल्या, त्या बाहेर लालभडक होऊन बसल्या होत्या, तापबिप असेल. मी तशीच पडून राहिले. छाती उघडली तेव्हा झालं नसेल इतकं मला तेव्हा झालं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू बोललीस मला?"

व्यवस्थापकानं खाकरून, आपण उद्या येऊ का, असं विचारलं. ताईनं त्याला हातानं थांबवलं, डोळे पुसले आणि चुण्यांचं राहिलेलं माप सांगितलं. लाली तोवर उतरली होती. तो गेल्यावर तिनं स्वतःहून बारकीचा हात धरला आणि आपल्या बरगडीखाली ठेवला. तिथं आता धडधड नव्हती. साधं, कोमट अंग होतं, श्वासासरशी वरखाली होणारं. बारकीनं हात ठेवून घेतला. "काय म्हणतेय?" तिनं विचारलं. "काही नाही," ताई म्हणाली. "झोपलीय."

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनची मात्रा थोडी वाढवली. गाठी आहेत तेवढ्याच होत्या, झडपा उत्तम चालत होत्या. ताई पुन्हा दिवसभर टेबलाशी उभी राहून कापू लागली आणि दोघींनी मिळून तो नाट्यगृहाचा पडदा पुरा केला.

तो टांगायच्या दिवशी दोघी गेल्या. नाट्यगृह दुपारचं रिकामं होतं, दिवे फक्त रंगमंचावर. कामगार शिडीवरून कड्या अडकवत होते आणि ताई मधल्या रांगेत बसून आवाज देत होती, "डावीकडं ओढा! अजून! चुणी मोडू नका!" बारकी रंगमंचावर झालर तपासून खाली आली. धाप लागली होती. ती ताईशेजारच्या खुर्चीत बसायला वाकली, तसा ताईनं न बघताच हात आडवा केला.

"ती नको," ताई म्हणाली. "पलीकडची घे."

बारकीनं त्या खुर्चीकडं पाहिलं. खुर्ची रिकामी होती, बैठक खाली पाडलेली होती. ती पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसली, आणि तिघी मिळून पडदा वर चढताना बघत राहिल्या.